ताणलेला गणपती

त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायचंही नाही. दोन हजार साल उजाडायच्या जरा आधी कल्याणच्या माझ्या छापखान्यात कॉम्प्युटर आला. त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स बसवायला हा पोरगा डोंबिवलीहून यायचा. गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका काउंटरवरूनच दिसावी म्हणून मी मोठा दुसरा मॉनिटर जोडायला सांगितला. त्यावर पत्रिकेवरचा गणपती चेपलेला दिसे, वर कुणी बसल्यासारखा. हा आठवडाभर केबल काढी, तिच्यात फुंकर मारी, परत लावी, बाहीने काच पुसी आणि म्हणे, "होईल काका, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे."

एक दिवस गणपती गोल दिसला. मी पत्रिका छापल्या, तर कागदावर देव बांबूसारखा उंच! मॉनिटर सुधारेना, म्हणून या शहाण्याने चित्रच उभं ताणून ठेवलेलं.

नवरीचा बाप खाडीकडचा आगरी. पत्रिका हातात धरून ओरडला, "शेठ, पयली पत्रिका देवापुढं ठेवाची आमी! देव सोताला तरी वलखल का यात?"

माझी मान खाली. आणि हा बाही सावरत म्हणतो, "काका, स्क्रीनवर बघा ना, बरोबर आहे."

त्याला मी तिथल्या तिथे पायरी उतरवला. मॉनिटरचं तोंड भिंतीकडे केलं आणि गणपतीचा जुना छपाईचा ठोकळा काढून सगळ्या पत्रिका परत छापल्या.

अजून आठवलं की डोकं तापतं. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी, तरी 'जमत नाही' एवढं मला म्हणता येतं. त्याला ते म्हणता येईना, म्हणून त्याने देवाला ताणला.