अंतरपाटाच्या पुढचा फोटो

फोटोंवरून ठरवायचं झालं, तर आपल्या घराण्यात एकाही माणसाचं लग्न झालेलं नाही. माझंही नाही. आमच्या अल्बममध्ये एका पानावर तुमचे आजोबा आणि मी अंतरपाटाच्या, म्हणजे दोघांमध्ये धरलेल्या त्या पांढऱ्या कापडाच्या, दोन बाजूंना उभे आहोत. पुढच्या पानावर पंगत बसली आहे. मधला, कापड दूर होऊन हार घालतानाचा फोटो नाही. तो घरातल्या कुठल्याच जुन्या अल्बममध्ये नाही, आणि याचं संपूर्ण श्रेय तुमच्या आजोबांच्या आतेभावाला, म्हणजे माझ्या भाऊजींना आहे. परवा ऋचा फोनवर म्हणाली, "आजी, माझ्या लग्नात फोटोग्राफर कशाला? मित्रमैत्रिणी फोनवर काढतीलच की." तेव्हाच ठरवलं, की तुम्हा सगळ्या नातवंडांना भाऊजींबद्दल एकदा नीट लिहून कळवायचं.

भाऊजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आर. के. पुरममध्ये आमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये राहत. त्यांच्याकडे एक कॅमेरा होता, आणि दिल्लीत कुठेही मराठी लग्न असलं की तो घेऊन हजर राहणं हे ते आपलं कर्तव्य समजत. गाझियाबादच्या लग्नालासुद्धा बसमागून बस बदलत, कॅमेरा पोटाशी धरून जात. थंडीत कॅमेऱ्याला माझ्या जावेने विणलेला स्वेटर असे. "दिल्लीची हवा आपल्याला झेपत नाही, त्याला बिचाऱ्याला कुठून झेपणार," असं ते म्हणत, आणि स्वतः मात्र एका मफलरवर हिवाळा काढत. फोटोसाठी उभं राहिलेल्यांना ते आधी "हसू नका, लग्न आहे" अशी ताकीद देत. मग "श्वास धरा" म्हणत, आणि "सोडा" म्हणायला विसरत. माझ्या एक चुलत सासूबाई त्यामुळे प्रत्येक फोटोत रागावलेल्या दिसतात; प्रत्यक्षात त्या गुदमरलेल्या आहेत.

तरी हे सगळं चालून गेलं असतं. खरी अडचण भाऊजींच्या हळव्या मनाची होती. भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट दूर झाला, की त्यांचे डोळे भरून येत, कॅमेरा गळ्यात लोंबकळत राही आणि ते ओंजळीओंजळीने अक्षता टाकत सुटत. मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "वहिनी, त्या वेळी फोटो काढायचा की आशीर्वाद द्यायचा? हात दोनच आहेत हो मला."

मग त्यांच्या मुलीचं, मंजूचं लग्न ठरलं आणि जेवताना ती सरळ म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाला आपण फोटोवाला बोलवू या." मी समोरच होते. भाऊजी ताटावरून उठले नाहीत, पण भाजी वाढून घेईनात.

"परका माणूस? त्याला काय कळणार कोण कुणाचं? आत्याला सोडून बँडवाल्याचे फोटो काढत बसेल."

"बसू दे," मंजू म्हणाली आणि तिचा लहानपणापासूनचा अल्बम घेऊन आली. भाऊजी नेहमी सूर्याकडे पाठ करून फोटो काढत. त्यामुळे पहिली सायकल असो की इंडिया गेटची सहल, प्रत्येक फोटोत तिच्या पायाशी त्यांची टोपीवाली सावली पडलेली होती. "माझ्याकडे तुमचा एकही फोटो नाही बाबा. नुसती सावली आहे. आता काय, सावलीच्या पाया पडून सासरी जाऊ?"

भाऊजी बराच वेळ पानं उलटत राहिले. "टोपी मात्र छान आली आहे," म्हणाले, आणि भाजीसाठी ताट पुढे केलं.

फोटोवाला सेक्टरच्या मार्केटमधला, पंजाबी. लग्न सकाळचं आणि त्याला सवय रात्रीच्या, घोडीवरच्या वरातींची, त्यामुळे तो आल्या आल्या गोंधळला. "अंकल जी, घोड़ी कब आएगी?" मंजूने वडिलांच्या गळ्यातला कॅमेरा स्वेटरसकट काढून माझ्या हातात दिला होता. हात रिकामे झाल्यावर भाऊजी त्या माणसाच्या मागेच लागले. मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याला भटजी "सावधान" म्हणत, आणि दर वेळी तो खरोखरच सावध होऊन फोटो काढी.

"अरे भाई, अभी नहीं. परदा हटेगा तब."

"तो अंकल जी, ये हर बार सावधान किसको कर रहे हैं?"

"दूल्हे को," भाऊजी म्हणाले. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो.

भाऊजी मात्र हसत नव्हते. याचं रीळ संपेल, हा नेमका आता चुकेल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्यामुळे शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट सरकला तेव्हा ते नवरा-नवरीच्या पलीकडे, फोटोवाल्याकडे तोंड करून उभे होते. "अब लो, अब," म्हणत त्यांनी हात उंचावला, आणि हातात अक्षता आहेत हे विसरले. सगळ्या अक्षता फोटोवाल्याच्या अंगावर. आपल्यापैकी कुणी असतं, तर कॅमेरा सोडून डोळे चोळत बसलं असतं. तो धंद्याचा माणूस. त्याने आधी बटण दाबलं, मग केसांतले तांदूळ झटकले.

फोटो आला. मंजू आणि जावई हार उंचावून उभे, आणि त्यांच्या मधोमध, मागे भाऊजी: डोळे भरलेले, तोंड उघडं, पंजा पसरलेला, आणि तांदूळ हवेत, आपल्याच दिशेने येणारे. भाऊजींनी तो उजेडात धरून पाहिला. "फोकस बरोबर आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मी असा दिसतो होय?"

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. फोटो मंजूच्या दिल्लीतल्या, द्वारका भागातल्या घरी, दाराजवळच्या भिंतीवर आहे. समोर उभं राहिलं की अक्षता आपल्या अंगावर पडताहेत असं वाटतं. मुलं परीक्षेला निघाली की मंजू त्यांना मिनिटभर तिथे उभं करायची. मागच्या महिन्यात गेले होते, तेव्हा मीही उगीच थोडी रेंगाळले.

तेव्हा ऋचा, एक परका माणूस बोलव आणि बाकीच्यांचे फोन खिशात राहू देत. मी इतक्या लांब येईन की नाही, ते माझे गुडघे ठरवतील. आलेच, तर मला तुझ्या शेजारी नको. मूठभर अक्षता देऊन त्या फोटोवाल्याच्या बरोबर समोर उभी कर.