तवा, धुकं आणि पफिन

माझ्या बायकोला तीन वर्षांपासून पफिन बघायचा होता. पफिन म्हणजे कबुतराएवढा एक समुद्रपक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, आणि चोच अशी रंगीत की शाळेच्या गॅदरिंगला कुणीतरी घाईघाईत रंगवून दिल्यासारखी. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर काही खडकाळ बेटांवर तो उन्हाळ्यात पिल्लं वाढवायला येतो आणि ऑगस्टमध्ये निघून जातो. आम्ही राहतो श्रूजबरीत, म्हणजे गाडीने चारेक तासांवर. एवढ्या जवळ राहून तीन वर्षांत जमलं नाही म्हणजे प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या वर्षी आम्ही टूरच्या बोटीने गेलो. बोटीवरच्या चाळीस माणसांनी पफिन पाहिला, आणि त्या दहा मिनिटांत बायकोचं डोकं बादलीत होतं. दुसऱ्या वर्षी वाऱ्यामुळे बोटच कॅन्सल केली.

तेव्हा परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आता मी स्वतः वल्हवत जाणार. स्वतः वल्हवलं की मला मळमळत नाही, तळ्यावर बघितलंय मी."

मी "हो, जाऊ की" म्हणालो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस गाडी चालवताना जे काही कबूल करतो त्यावर विश्वास ठेवू नये, पण तिने ठेवला.

मग समुद्री कयाकचा, म्हणजे वल्हवायच्या लांब अरुंद होडीचा, कोर्स झाला. गावातल्या स्विमिंग पूलमध्ये, हायस्कूलच्या पोरांबरोबर, उलट्या झालेल्या कयाकमधून बाहेर यायला मी शिकलो. कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती रबरी घेर घालतात. बायको त्याला परकर म्हणते. माझ्या मापाचा परकर मागवावा लागला, आणि तो येईपर्यंत शिकवणारी मुलगी मला रोज धीर देत होती. पण दोन उन्हाळे आम्ही नेटाने सराव केला. आमची सोळा वर्षांची लेक तर आमच्या पुढे गेली. तिच्या लाइफ जॅकेटला शिट्टी असते, आणि त्या शिट्टीच्या पाठीवर करंगळीच्या नखाएवढं होकायंत्र. ही शिट्टी लक्षात ठेवा.

तर या जुलैत आम्ही तिघं तीन दिवसांसाठी एका छोट्या बेटावर तंबू ठोकायला निघालो. पफिनचं बेट तिथून पूर्वेला मैलभर. त्यावर उतरायला बंदी आहे, पण लांबून बघता येतं. सामानाची यादी लेकीने केली होती आणि त्यावर तिचा एकच हुकूम होता, "नथिंग हेवी, बाबा. मी सीरियस आहे."

आता थालीपीठ कशावर करायचं? मागच्या वर्षी कॅम्पिंगच्या त्या कागदासारख्या पातळ पॅनवर केलं होतं. अर्धं चिकटलं, अर्धं जळलं, आणि आम्ही तिघांनी ते चमच्याने खाल्लं. म्हणून मी पुण्याहून आणलेला लोखंडी तवा जुन्या टीशर्टात गुंडाळला आणि कुणी बघत नाही असं बघून आमच्या कयाकच्या पुढच्या कप्प्यात सारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरप्राइज द्यायचं ठरवलं. तोवर तो तिथेच राहणार होता. त्या कप्प्याच्या झाकणाला लागूनच, माझ्या डोळ्यांसमोर, बोटीला बसवलेलं मोठं होकायंत्र होतं. आमची कयाक दोघांची. पुढे मी, कारण दिशा बघणं माझ्याकडे. मागे बायको, कारण सुकाणू तिच्या पायाशी. म्हणजे मी सांगायचं आणि तिने वळवायचं की नाही ते ठरवायचं. घरी चालतं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. समुद्र तव्यासारखा सपाट. (तवा सारखा डोक्यात होता.) निघतानाच एक पाणकावळा खडकावर पंख पसरून वाळत उभा, दोरीवरच्या शर्टासारखा. पुढे आयडर बदकाच्या चार माद्या आणि त्यांच्यामागे वीसेक पिल्लं, कुणाचं कुठलं कळायला मार्ग नाही. मग गिलमॉट पक्षी, काळेभोर, आणि उडताना त्यांचे लालचुटुक पाय मागे लोंबतात. बायको मागून एकेकाचं नाव घेत होती आणि तिचा आवाज चढत होता. "अरे उजवीकडे! उजवीकडे बघ ना! बुडी मारली त्याने!" मी वळून बघेपर्यंत पाण्यावर फक्त वर्तुळं उरायची. तरी मला इतकं भारी वाटत होतं की मी मधूनमधून वल्हवायचंच विसरत होतो, आणि ते मागच्या माणसाला लगेच कळतं.

अर्ध्या वाटेत धुकं आलं. आलं म्हणजे बघताबघता पुढचं बेट गेलं, मागचं बेट गेलं, लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांचे रंगीत तरंगते गोळे गेले, आणि शेवटी लेकीची पिवळी कयाक तेवढी दिसत राहिली.

"एकत्र राहा," मी म्हणालो. दोन उन्हाळे मी या क्षणाची वाट बघत होतो. "घाबरू नका. होकायंत्र आहे. पूर्वेला धरून जायचं."

"फोनवर मॅप बघ ना," बायको म्हणाली.

"फोन म्हणजे परीक्षेत कॉपी."

"आयटीतला माणूस बोलतोय हे." तिने तरी फोन काढलाच. पण प्लास्टिकच्या पिशवीवर खारं पाणी, ओली बोटं. स्क्रीन मॅपऐवजी कॅमेराच उघडत राहिली.

पाच मिनिटांनी लेक ओरडली, "बाबा, यू आर गोइंग राइट!"

"मी सरळ पूर्वेला चाललोय."

"दॅट्स नॉट ईस्ट. माझा कंपास वेगळं सांगतोय."

"तुझा कंपास शिट्टीवर फुकट आलाय!"

"सो? नॉर्थ इज नॉर्थ!"

"हे बोटीला बसवलेलं आहे. प्रोफेशनल आहे. मी कोर्स केलाय."

"कोर्स मीपण केलाय, बाबा. अँड आय पास्ड फर्स्ट टाइम."

हे बोलायची गरज नव्हती.

"तुम्ही दोघं आधी ठरवा," मागून आवाज आला. "मी वल्हवू की थांबू? आणि माझा पफिन कुठे आहे?"

तो प्रश्न मात्र मला लागला. उद्या परत जायचं होतं आणि दुपारनंतर वारा वाढणार होता. म्हणजे ही एकच सकाळ. तीन वर्षं, बादली, कॅन्सल झालेली बोट, माझा परकर, सगळं या सकाळीसाठी. आणि बेटाला चुकवून आपण उघड्या समुद्रात निघालो तर पफिन राहू दे, तंबू तरी दिसेल का? मी होकायंत्रावर टिचकी मारली. ते शांतपणे पूर्व दाखवत होतं.

"थांबा," बायको म्हणाली. "कुणी बोलू नका."

आम्ही थांबलो. धुक्यातून एक सुरय आली. पांढरी, टोकदार पंखांची, डोक्यावर काळी टोपी. आमच्या डोक्यावरून ती डावीकडे गेली. मग दुसरी, तीही डावीकडे. मग एक उलट बाजूने आली.

"चोच बघा," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम तिच्या टीम मीटिंगमधला झाला होता. "येणारीच्या चोचीत काही नाही. जाणाऱ्यांच्या चोचीत मासा आहे. मासा घेऊन कोण कुठे जाईल? घरी, पिल्लांकडे. बेट डावीकडे आहे."

"मम्मी!" लेक किंचाळली. "माझा कंपासपण तेच सांगतोय!"

"पण होकायंत्र..." मी म्हणालो.

"अरे, त्या सुरयांना रोज जायचंय तिथे. तुझ्या होकायंत्राला कुठे जायचंय?"

तिने पायाने सुकाणू डावीकडे दाबलं. माझं मत विचारलं नाही. आम्ही मासेवाल्यांच्या मागे निघालो. "मासा! परत मासा! तिकडे!" दोघी आळीपाळीने ओरडत होत्या. मी अजून होकायंत्रावर वाकून त्याला वेळ देत होतो. बिचारं सुधारेल.

तेवढ्यात मागचं वल्हं थांबलं.

लेकीचंही थांबलं. मग दोघी एकदम ओरडल्या. मी मान वर केली तेव्हा धुक्यात एक ठिपका विरघळत होता.

"बघितलास? बघितलास ना? चोचीत मासे आडवे धरलेले!"

"हो हो, दिसला," मी म्हणालो.

"किती मासे होते?" लेकीने विचारलं.

"दोन... चार."

"बाबा. तू कंपास बघत होतास."

मागचं वल्हं अजून सुरू झालं नव्हतं. कयाकमध्ये मागे वळणं म्हणजे उलटायचं आमंत्रण, तरी मी जमेल तेवढी मान वळवली. बायकोने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि दोन्ही हात तोंडावर धरले होते. तीन वर्षांनी.

"रडतेस?"

"गप्प बस. वल्हव."

मग ऐकू आला गोंगाट, हजारभर सुरया एकाच वेळी भांडाव्यात तसा. धुकं जरा उचललं आणि काळा खडक दिसला. अलीकडे पाण्यावर सहा-सात पफिन बुचांसारखे वरखाली होत होते. "टू क्लोज, बाबा, इथेच थांब," लेकीने दटावलं. आम्ही थांबलो. त्यातल्या एकाने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, व्हिसाच्या खिडकीतला माणूस बघतो तसं. मग तो उडाला. म्हणजे आधी पाण्यावरून बराच वेळ धावला, पंख फडफडवत, पोट आपटत, ऑफिसला उशीर झाल्यासारखा, आणि अगदी शेवटच्या क्षणी उठला. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. लेक म्हणते, मी टाळ्या वाजवल्या आणि वल्हं पाण्यात पडलं. ते तिनेच काढून दिलं.

परतताना धुकं नव्हतं, त्यामुळे होकायंत्राचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी मी विजयी मुद्रेने कयाकच्या कप्प्यातून तवा बाहेर काढला.

"तू तवा आणलास?" बायको.

लेकीने माझ्या हातून तवा घेतला, खडकावर ओढून ठेवलेल्या कयाकशी गेली आणि तो कप्प्याच्या झाकणावर ठेवला. होकायंत्राची तबकडी हलली. तिने तवा डावीकडे नेला. तबकडी त्याच्यामागे डावीकडे. उजवीकडे नेला. तबकडी आज्ञाधारकपणे उजवीकडे.

"ओ माय गॉड," ती अगदी हळू म्हणाली. "बाबा, आपण तवा फॉलो करत होतो."

त्यानंतर ती जी हसायला लागली ती पहिलं थालीपीठ होईपर्यंत थांबली नाही. बायको शेगडीपाशी बसून हसत होती, मीही हसलो, इलाज नव्हता. थालीपीठ मात्र अजिबात चिकटलं नाही, हे नमूद करतो. लेकीने चार खाल्ली.

बायकोची पक्ष्यांची एक वही आहे. दिनांक, पक्षी, जागा, असे रकाने. खाऊन झाल्यावर ती बोटं पुसून लिहायला बसली आणि तिने विचारलं, "पहिला दिसला तेव्हा आपण नक्की कुठे होतो?"

मला सांगता येईना. लेकीलाही येईना.

तिने जरा विचार केला आणि जागेच्या रकान्यात लिहिलं: पूर्वेला, तव्याप्रमाणे.