दोऱ्याने घेतलेलं माप

मुलगा अमेरिकेला गेला आणि दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी आणि त्याचा जुना कॉम्प्युटर असे दोघेच उरलो. यजमान त्याआधीच वारले होते. मुलाचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. त्या दहा मिनिटांवर मी आठवडा काढायचे. एकदा तो म्हणाला, कॉम्प्युटरला मोडेमचं कार्ड बसवून घे, ईमेलवर रोज बोलता येईल. रोज म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं तर माप हवं. आपल्याकडे बांगड्या मागवताना दोऱ्याने माप पाठवतात, तसा मी कॉम्प्युटरच्या मागच्या फटीवर दोरा धरला, गाठ मारली आणि बस पकडली. दोरा पाहून दुकानदार पोट धरून हसला. पण माप जुळलं, म्हणून मी ऐटीत कार्ड घेऊन आले. घरी झाकण उघडलं तर ते आत बसेचना. मागची फट सगळ्या कार्डांना सारखीच असते. खरी खाच आतल्या बोर्डावर, आणि माझ्याकडची जुन्या पद्धतीची, लांब नि काळी. सरकारी ऑफिसात जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे ही फार झोंबली.

दुसऱ्या दिवशी मशीनच चादरीत बांधलं आणि ऑटोत घातलं. पुराना माल आहे, शोधावं लागेल, अशी कुरकुर करत दुकानदाराने चार दुकानं पालथी घातली आणि बसणारं कार्ड आणलं. मेल कसा पाहायचा तेही शिकवलं.

मुलाचा पहिला मेल चांगला लांबलचक आला. दुसरा चार ओळींचा. तिसऱ्यात एवढंच, की सगळं ठीक आहे, आता मेल आहे तर फोनचा खर्च कशाला. त्या रविवारी फोन वाजला नाही. दुपारपर्यंत मी फोनपाशीच बसून होते, जेवलेही नाही. मला त्याचा आवाज हवा होता, आणि तो मीच एवढी खटपट करून घालवला होता.

सोमवारी कार्ड उपटून काढलं आणि ट्रंकेत टाकलं. माझं उत्तर येईना, तेव्हा आठ-दहा दिवसांनी घाबरून त्याचा फोन आला. कार्ड जळलं, मी सांगितलं.

"मग दुसरं घे ना, आई."

"या मशीनला बसणारं आता कुठेच मिळत नाही रे," मी म्हणाले, आणि जेवलास का ते विचारलं.