प्रेमानंदचं तारण

प्रेमानंद वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचा, आणि येशूबद्दल बोलायला त्याला चर्च लागत नसे. ड्रायव्हरचं पोर आजारी आहे असं कळलं, की ट्रकच्या चाकाशी उभा राहून तिथंच प्रार्थना करी. हमालांत भांडण लागलं, की दोघांना चहा पाजून आधी क्षमेचं सांगे, मग कामाचं. "पास्टर आले, बिड्या विझवा," म्हणून लोक चिडवत. तोही हसे. पण कुणी ऐको न ऐको, तोंड काही मिटायचं नाही.

मिटायचं ते फक्त थोरल्या भावापुढं. धोंडबा काटोलला संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर होता. बाप गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्यानंच प्रेमानंदला वाढवलं. प्रेमानंदनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा धोंडबानं आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाला, "बाबासायबानं आपल्याले वाट देली, मले ते पुरते. तू तुह्यं कर. पन मले सांगू नोको."

प्रेमानंदनं ते पाळलं, आणि पाळता पाळता आतून झुरत राहिला. साऱ्या दुनियेला, बायको सिंधूलाही, सांगून झालं होतं. ज्यानं घास भरवला, त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

यंदा धोंडबाच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून तो धडधाकट परतला, पण प्रेमानंदला धीर धरवेना. एका दुपारी गोदामाच्या फाटकाशी उभं राहून त्यानं फोन लावला. मागं एक ट्रक हॉर्न वाजवत होता.

"दादा, रागावू नोको. माह्यं तारण झालं, हे तुले कधी मोकळ्या मनानं सांगतलं नाही."

पलीकडून धोंडबानं विचारलं, "कधी झालं?"

"लय वर्षं झाली. सिंधूचंबी झालं."

"तिचंबी? काहून नाही सांगतलं गा मले?" आणि फोन बंद.

प्रेमानंदचे डोळे भरून आले. सांगू नको म्हणणारा दादा आज आपणहून विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा दारात हजर. बसनं आलेला, घामाघूम, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पाणीसुद्धा न घेता त्यानं आतले कागद काढले आणि सिंधूच्या पोळपाटाशेजारी ठेवले.

"माह्या घराचे कागद हायेत. तुह्यं घर कोन्या बँकेत तारण हाय ते सांग. ते सोडवून घे, त्याच्या जागी माह्यं ठेव. अन् हिचं काय ठेवलं? गळ्यातलं?"

सिंधूला आधी काही कळेना, आणि कळल्यावर हसू आवरेना. चर्चमध्ये दर रविवारी पापातून सुटका म्हणून ऐकलेला 'तारण' हा शब्द बँकेच्या दारात गहाणाचा होतो, हे प्रेमानंदच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं अडखळत समजावलं.

धोंडबा मटकन खाली बसला. "बापा बापा. डोया लागला नाही गा मले रातभर."

प्रेमानंदला हसू आलं नाही. एकानं दुसऱ्याच्या जागी आपलं सगळं ठेवावं, हे दादाला कुठल्या शब्दांत सांगावं, याचाच तो इतकी वर्षं विचार करत होता.

"दादा, खरंच देत होता घर?"

"मंग? लहाना भाऊ ना तू."

"माह्या येशू असाच हाय. आपल्या जागी सोताचा जीव ठेवला त्यानं," प्रेमानंद म्हणाला. "हेच सांगायचं होतं तुले. कधीतरी माह्यासंगं त्याच्यापुढं बसशील, एवढीच आस हाय."

धोंडबानं कागद सावकाश पिशवीत भरले. मग भावाच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते नाही होनार माह्याच्यानं," तो म्हणाला. "पन मानूस चांगला दिसते तुह्या येशू. त्याले माह्या जयभीम सांगजो."

"सांगतो," प्रेमानंद म्हणाला. दादानं हात एवढ्यात काढू नये, असं मात्र त्याला फार वाटत होतं.