पायरीपर्यंतचं वायफाय

मरोळ गावठाणात वायफाय रुसलं की हाक गिल्बर्टलाच. वीस वर्षं वायरी ओढणाऱ्या या माणसाचं डोकं एकाच गोष्टीने फिरायचं: लोक राउटर लोखंडी कपाटामागे लपवतात. लोखंडाआड लहरी अडतात, हे सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती.

नेट अडकतंय म्हणून पेट्रिशिया आंटींनी बोलावलं, तर त्यांचाही राउटर कपाटामागेच! गिल्बर्टने जोडलेल्या फोनांची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"आंटी, तुम्ही एकट्या आणि फोन चौदा? हा डबा प्रत्येक फोनला एक नंबर देतो, ज्याने जे मागितलं ते त्याच नंबरवर पोचवतो. दमणार नाही तर काय!"

"असू दे रे. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर येऊन बसतात."

गिल्बर्ट विरघळला. नवा, दमदार राउटर आणून त्याने खिडकीत टांगला. "घ्या! आता अख्ख्या गल्लीला घरबसल्या मिळेल."

आंटींचा चेहरा पडला. "घरबसल्या? मग माझ्याकडे कशाला येतील?"

गिल्बर्टने राउटर उतरवला, स्वतःच्या हाताने लोखंडी कपाटामागे सरकवला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

"आंटी, पायरीपर्यंत येतंय, पुढे शून्य," तो तिथूनच ओरडला. "झकास!"