बाजारच्या दिवशीची चाचणी

१९७७, फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. तिसरीचा वर्ग, मासिक चाचणी.

हजर: पाटलांची जुळी मुलं, सोसायटीच्या सेक्रेटरीचा मुलगा, गावठाणातल्या शेतकऱ्यांची बहुतेक मुलंमुली आणि मोहल्ल्यातला, नुकताच तापातून उठलेला शिंप्याचा मुलगा. गैरहजर: बौद्धवाड्यातली झाडून सगळी, मोहल्ल्यातलीही एक सोडून सगळी. गैरहजर म्हणजे शून्य आणि वर्षाच्या निकालात ते शून्य धरलं जायचं.

मी अंबडहून बदली होऊन जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत आले, तिथे मंगळवारी, बाजारच्या दिवशी, शाळा सकाळी अर्धा वेळ भरे. त्या अर्ध्या वेळात शिकवणं काही होत नाही, तेव्हा चाचणी उरकून घ्यावी, ही हेडमास्तरांची जुनी शिस्त. दुपारच्या एसटीने निकालाचा कागद तालुक्याला गेला की ते मोकळे.

माझी दिवसाची कामं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली असत. त्या दिवशी उरली होती तीन: मिरच्या, खोबरं, कंदिलाची काच. बाजारात गेले तर माझा गैरहजर वर्ग तिथेच भरलेला. लिंबाखाली मुकादम बायांना आठवड्याची मजुरी वाटत होता. त्या बायांची मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसली होती. आईचा बाजार होईपर्यंत दुसरं कोण सांभाळणार? थोडं पुढे बांगड्यांच्या पालात तिसरीतली माझी एक विद्यार्थिनी मापाप्रमाणे बांगड्या लावत होती. शेजारी तिचे वडील.

"बाई, परीक्षा झाली?"

"झाली."

"काय आल्तं?"

"भागाकार."

तिने हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "मला येतो भागाकार. मागच्या टायमाला बी आला असता."

"तिला कशाला सांगून राह्यले, बाई?" वडील म्हणाले. "गुरुजी बोलले, ही नापास होनार. यंदा नापास झाली तर शाळा बंद. मोठीचं पण तसंच झालं. मंगळवारी आमाला हात लागतात हो कामाला."

मोठी मागे बसून एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

कंदिलाची काच राहिली. मी तशीच हेडमास्तरांकडे गेले.

"बाई, तुम्ही नव्या आहात," ते म्हणाले. "मोहल्ल्यातली अन् वाड्यातली पोरं कच्चीच. दरसालचा निकाल तोच."

"ती सगळी आत्ता बाजारात आहेत, गुरुजी. येत्या सोमवारी चाचणी पुन्हा घेऊ द्या, आजचा कागद तोवर थांबवा. पेपर मी तपासते. कागद मंगळवारच्याच गाडीनं जाईल."

"आन सोमवारी न्हाई आली तर?"

"तर तुमचं खरं."

ते हसले. "मंग घ्या की. माझा मंगळवार तेवढाच मोकळा."

परवानगी मिळाली, पण आणखी एक अडचण होती. गावात चाचणी म्हणजे मंगळवार, हे इतकं पक्कं बसलेलं की मुलांच्या हाती दिलेला निरोप घरी कोणी खरा मानेना. मी कोतवालाला गाठलं.

"दवंडी देवी टोचायची असती, घरपट्टीची असती," तो म्हणाला. "परीक्षेची कधी दिली न्हाई."

"मग आता द्या."

त्याने आधी वाड्यात दिली, मग मोहल्ल्यात. तिथे आपण होऊन भाषा बदलली, सोमवारचा पीर झाला, शाळेचा मदरसा: "पीर के रोज मदरसे में इम्तिहान है, बच्चों को भेजो हो!" आडावर एक म्हातारी म्हणाली, "पोरांच्या परीक्षेला बी आता हलगी! उद्या बाईची भाकर भाजली तरी वाजवतील."

सोमवारी बसायच्या तरटपट्ट्या पुरल्या नाहीत. शेवटच्या ओळीने जमिनीवर पोती अंथरली. बांगडीवाल्यांची मुलगी मात्र आली नव्हती. मी गणितं फळ्यावर लिहायला घेतली, मुद्दाम सावकाश. शेवटचा भागाकार लिहीत होते, तेव्हा दारात सायकल थांबली. पुढच्या दांडीवर ती.

"मालाला अंबडला निघाल्तो," वडील म्हणाले, "गाडी चुकली. बसू द्या तिला."

गाडी चुकली की त्यांनी चुकवली, हे मी विचारलं नाही.

त्यानंतरची चाचणीही सोमवारीच झाली आणि वार्षिक परीक्षेचा एकही पेपर मंगळवारी ठेवला नाही. मुलगी पास झाली. भागाकार सगळे बरोबर, शुद्धलेखनात काठावर. वाड्यातलीही बहुतेक वर गेली. दोघं आईबापांबरोबर कामाला परगावी गेली होती, ती राहिली. त्यांना सोमवारचाही उपयोग झाला नाही. पाटलांच्या जुळ्यांतला एक गणितात अडकला. त्याची आई म्हणाली, "मंगळवारच बरा व्हता की वो, बाई." हेडमास्तरांनी निकाल वाचला, सही केली आणि म्हणाले, "यंदा पोरं बरी निघाली." पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने चाचणीपुढे सोमवार लिहिला.

आता ती चौथीत आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला एसटीने तालुक्याला जावं लागतं. गावातून मुलगे जातात. मोहल्ल्यातून अजून एकही मुलगी गेलेली नाही. वाड्यातल्या दोघी यंदा जाणार आहेत, त्यांच्या आयांनी तसं सांगून ठेवलं आहे. तिघी मिळून गेल्या तर बापाचं मन वळेल, असा माझा हिशोब आहे. त्यासाठी गेल्या बाजारी पालापर्यंत गेले होते. गिऱ्हाइकांची गर्दी होती. ते म्हणाले, "बसा बाई, बांगड्या भरा," आणि मी बांगड्या भरून घेऊन परत आले.

काल कॅलेंडरचं पान उलटलं. मागच्या पानावरची कामं पाहिली. पुन्हा फुटलेली कंदिलाची काच, हजेरीपट, तरटपट्ट्यांची मागणी, सगळ्यांवर काट आहे. एक तेवढं नव्या पानावर उतरवून घेतलं: बांगडीवाल्यांशी पाचवीचं बोलणं.