माधवनगरची खोली

शांतवन मास्तरांना पाटणमध्ये कधी कुणाला पत्ता सांगावा लागला नव्हता. पंचवीस वर्षं धर्मशिक्षक म्हणून काढलेली. तिथं कॅथलिक घरं सगळी मिळून अकरा, आणि कुणी आजारी पडलं की माणूस थेट त्यांच्याच दारात. आता बदलीचं पत्र आलं: सांगलीत जा, तिथली विखुरलेली घरं सांभाळा, घरभाड्याला महिना चार हजार मिळतील. चार हजारांत सांगलीत काय मिळतं, हे पत्र लिहिणाऱ्याला विचारायचं कुणी?

त्यात मास्तर सल्ल्याचे भुकेले. दिसेल त्याला विचारत सुटले आणि घोळ वाढवून बसले. सांगलीचे फादर म्हणाले, विश्रामबागला बघा, चर्चला जाणं सोयीचं. तिथली भाडी ऐकून मास्तर पायरीवरूनच परतले. एक मालक कमी घ्यायला तयार झाला, पण रात्री दहाला फाटक बंद आणि प्रार्थनेला घरी चारचौघं जमवायची नाहीत म्हणे. भाऊसो रिक्षावाल्यानं माधवनगर सुचवलं. स्वस्त, पण यंत्रमागांची खडखड आणि चर्च लांब. बायको मार्थाबाई पाटणहून फोनवर एकच धरून बसलेली, आधी पाण्याचं बघा. सोमवारी सामानाचा टेम्पो निघणार होता आणि तो कुठं रिकामा करायचा तेच ठरेना. मास्तरांचं डोकं पार भंजाळून गेलं. रागही आला होता, पण काढायचा कुणावर?

शनिवारी भाऊसोनं त्यांना माधवनगरला मदिनाबींच्या दारात आणून सोडलं. सत्तरीची बाई, मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली, भाडं साडेतीन हजार. शेजारी माग चालूच. त्यात चर्च लांब आणि मास्तरांना सायकलशिवाय काही चालवता येत नाही, त्यामुळं त्यांनी मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं. वळले, तर भिंतीवर खिळ्याला जपमाळ. खाली क्रूस, मणी झिजलेले.

ही कुणाची, त्यांनी विचारलं. मदिनाबींनी सांगितलं, मनुबाई म्हणून भाडेकरू होती, गिरणी कामगाराची विधवा, तुमच्यातलीच. अठरा वर्षं राहिली, मागच्या थंडीत गेली. भाचा येऊन माती देऊन गेला, माळ राहिली. टाकायची कशी, म्हणून रोज पुसून ठेवते.

मग त्या जरा घुटमळल्या.

"आवं मास्तर, एक इचारू? शेवटाला ती म्हनत हुती, आमच्यातलं कुनीतरी बोलवा. मी गल्लीभर फिरले. तुमचं मानूस कुठं ऱ्हातंय, कुनालाच ठावं न्हाई. मग मीच बिस्मिल्ला म्हनून तिच्या तोंडात पानी घातलं. चाललं आसंल का तिला?"

मास्तरांकडं पंचवीस वर्षांची उत्तरं पाठ होती. त्यातलं एकही इथं बसेना.

"चाललं, चाची," ते म्हणाले. आपण बोललो ते शिकवणुकीत बसतं की नाही, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

माळ तिथंच राहू द्या म्हणाले, आणि दारावर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं तर चालेल का, असं विचारलं. मग मार्थाबाईंना फोन लावून टेम्पो माधवनगरला आणायला सांगितलं.

चर्च किती लांब, हे काही मार्थाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी आपलं पाण्याचं विचारलं. मास्तर फोन कानाला लावून उभे राहिले. मग मदिनाबींकडं बघत म्हणाले, इथं पाणी मिळतं.